परमुलखातलं गाऱ्हाणं

मालवणच्या बंदरात पडावातून उतरलो, पाय अजून ओल्या वाळूत होते, तोच पहिला प्रश्न आला, "थंय मासळी गावता काय रे?" मग दुसरा, "भात गावता?" तिसऱ्याने तर माझ्या पोटाकडे बघून स्वतःच उत्तर दिलं, "गावत नसात, बघ कसो सुकलोहा!" जगात समाजवाद कुठवर आला, हे एकानेही विचारलं नाही. आमची माणसं अशीच. परदेशी गेलेल्या माणसाने काय खाल्लं हे कळलं की त्यांचं समाधान होतं.

पक्षाच्या कचेरीत मात्र व्याख्यान ठेवलं होतं. तिथे मी पक्षशाळेबद्दल तासभर बोललो आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांची मला हल्ली धास्ती बसली आहे. का, ते पुढे येईलच. बोलताना जे गिळलं ते लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

मी देवबागचा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची माडांतली घरं. गावच्या रापणकरांच्या सोसायटीचा मी चिटणीस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. चाळीसेक माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढतात आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. म्हातारी विधवा नुसता दोराला हात लावून उभी राहिली तरी तिच्या पाटीत चार बांगडे पडतात. तिने किती जोर लावला हे कोणी बघत नाही. ही रीत मी एकदा मुंबईच्या एका बैठकीत सांगितली. तेवढ्यावर पूर्व जर्मनीतल्या एका पक्षशाळेच्या हिवाळी वर्गासाठी माझं नाव गेलं. गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आम्हाला गोव्याला जायची चोरी होती. मी मात्र निघालो थेट बाल्टिक समुद्राला!

शाळा

शाळा म्हणजे एका पळून गेलेल्या जमीनदाराचा वाडा. मागे तळं. वालावलच्या देवळामागे आहे ना, तसंच, फक्त माडांच्या जागी उघडीबोडकी झाडं आणि पाण्यावर बर्फाची साय. सकाळी धुकं इतकं की आंबोलीच्या घाटात उभा आहे असं वाटावं.

शाळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पोरंटोरं होती. इथे बाकांवर बसलेले सगळे बाप्ये! कोणी जिल्ह्याचा चिटणीस, कोणी कारखान्याचा व्यवस्थापक, कोणी शहराचा महापौर. डोक्यावरचे केस पिकलेले किंवा गेलेले. आणि ही माणसं परीक्षेच्या आदल्या दिवशी चौथीतल्या पोरांसारखी ओठ हलवत पाठ करायची. दोन पोरींची लग्नं केलेला एक महापौर मूल्यसिद्धान्ताचं उत्तर अडलं म्हणून घामाघूम झालेला मी पाहिला. पहिल्या आठवड्यात मला याचं हसू यायचं. पुढे ही माणसं कशाला घाबरतात ते कळलं आणि हसू गेलं.

पण चांगलं ते चांगलंच म्हणायला हवं. तिथे बटाटे सोलायची पाळी सर्वांना होती, संचालकांनासुद्धा. पहिल्या दिवशी मी जेवलो, ताट तिथेच सोडलं आणि हात धुवायला गेलो. घरी आयुष्यभर हेच केलं होतं. परत येऊन बघतो तर तो पिकल्या केसांचा महापौर माझं ताट घासत होता! मी धावत जाऊन ओढायला लागलो, तो सोडेना. सगळे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. समतेवर भाषणं झोडत गावोगाव फिरलेला मी, आणि माझं ताट कायम आईने उचललेलं. त्या दिवसापासून मी बटाटे इतके सोलले की अजून बोटांना त्याचा वास येतो.

माझ्या खोलीत दुसरा होता कुर्ट. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, डाव्या हाताची करंगळी दोरखंडात गमावलेला. तरुणपणी जहाजावर खलाशी होता, मुंबईच्या गोदीत दोनदा येऊन गेलेला. त्याचं इंग्रजी बंदरावरचं, माझं मॅट्रिकचं. दोन्ही मिळून काम भागायचं. अडलं तर इल्झे म्हणून दुभाषी बाई होत्या, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, फार शांत. कुर्ट आपल्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा प्रमुख. हा वर्ग तो पास झाला तर पुन्हा आपल्या बंदरात, आपल्या होड्यांपाशी जाणार होता. नाही झाला तर पक्ष पाठवील तिकडे. "कुठेही पाठवोत," तो म्हणायचा, "जिथून समुद्र दिसत नाही तिथे मला झोप येत नाही. इथेच बघ ना, तळ्यावर भागवतोय." रोज निजायच्या आधी तो खिडकी उघडून त्या तळ्याकडे बघायचा आणि मी थंडीने कुडकुडत त्याला मालवणीत शिव्या घालायचो.

बांगड्यांचं प्रकरण

आईने सामानात आमसुलाची सोलं आणि खारवलेले सुके बांगडे कोंबले होते. तिथलं जेवण म्हणजे काळा पाव, उकडलेले बटाटे आणि आंबवलेला मासा. त्या माशाला ना तिखट ना मीठ, नुसता आंबटढाण. पंधरा दिवस गप्प गिळलं. मग एका रविवारी जिभेने बंड केलं. खोलीतल्या शेगडीवर दोन बांगडे भाजायला ठेवले.

पुढचं सांगायला नको. वास तिन्ही मजल्यांवर गेला. कुठे काही जळतंय म्हणून दोघे पाण्याच्या बादल्या घेऊन आले. संचालक स्वतः दारात उभे राहिले, नाकाला रुमाल. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात कुर्ट पुढे झाला, एक बांगडा उचलून काट्यांसकट खाल्ला आणि बोटं चाटत म्हणाला, "याच्यापुढे आमचा मासा म्हणजे इस्पितळातला!" सगळे हसले, प्रकरण मिटलं. दुसरा बांगडाही त्यानेच खाल्ला, मेल्याने माझ्यासाठी शेपटीही ठेवली नाही. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

संध्याकाळी तळ्याभोवती चक्कर मारताना मी त्याला रापणीची रीत सांगितली. दोराला हात लावणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकून तो थांबला. एकदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या बंदरातही म्हाताऱ्या आहेत. युद्धात आणि वादळात नवरे बुडालेल्या. त्या धक्क्यावर नुसत्या उभ्या राहतात. मासळी सरकारी वजनकाट्यावर जायच्या आधी मी एक टोपली बाजूला काढतो. त्या घेऊन जातात. कोणी काही बोलत नाही." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, तू तर आमच्या गावचाच!" म्हटलं. त्याने मागे वळून का पाहिलं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. वाटलं, वारा लागला असेल.

शनिवारची सभा

दर शनिवारी टीका आणि आत्मटीकेची सभा असायची. एकेकाने उभं राहायचं, आठवड्यातल्या चुका सांगायच्या. मी उशिरा उठलो, मी अमुक प्रकरण वाचलं नाही, मी स्वयंपाकघरात चिडलो. इतरांनी त्यात भर घालायची. मला पहिल्याच सभेत वाटलं, अरे, हे तर आमचं गाऱ्हाणं!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवळात गावकार हातात नारळ घेऊन सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. कोणाचं काय चुकलं-माकलं असेल ते पदरात घे म्हणतो, आणि मागे उभा असलेला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याचंही गावकारच बोलतो. मग नारळ फुटतो, खोबरं वाटतात, आणि झालं. बोललेली चूक तिथेच संपते. उद्या तीच काढून कोणी तुम्हाला टोचत नाही. मी देव मानत नाही, पक्षात आल्यापासून देवळात मागे खांबाला टेकून उभा राहतो, पण "व्हय म्हाराजा" माझ्याही तोंडातून निघतं. लहानपणापासूनची सवय.

तर त्या शनिवारी कुर्टची पाळी आली. वर्ग संपत आला होता. तो उभा राहून म्हणाला, "माझं वाचन कमी पडतं." संचालक म्हणाले, "हे तुम्ही दर वेळी सांगता. खोल जा." तो म्हणाला, "मी हळू शिकतो." संचालक म्हणाले, "अजून खोल. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्याच्या हातात बंदर कसं द्यायचं?" कुर्टच्या कपाळावर घाम आला. तुटक्या करंगळीचा हात तो खिशात घालत होता, काढत होता. मला बघवेना. वाटलं, याला बोलता येत नाही. याचं कोणीतरी बोलायला हवं.

आणि मी उठलो! कोणी सांगितलं होतं? पण उठलो.

मी म्हटलं, "कॉम्रेड कुर्ट लाजाळू आहेत, त्यांच्या वतीने मी बोलतो." इल्झेबाईंनी भाषांतर केलं. मग मी टोपलीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. काट्याच्या आधी बाजूला काढलेली मासळी, धक्क्यावरच्या विधवा. बाई मध्येच थांबल्या. माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत म्हणाल्या, "हे सांगायचंच आहे का तुम्हाला?" मला वाटलं, त्यांना शब्द सापडत नसावा. मी म्हटलं, "सांगा, सांगा, सगळं सांगा!" त्यांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. शेवटी मी गावकारासारखाच आवाज चढवून म्हणालो, "यात त्यांचं काही चुकलं असेल तर सर्वांनी पदरात घ्यावं. आमच्या गावात अशा माणसाला भला माणूस म्हणतात."

आणि थांबलो. जिथे आमच्याकडे सगळा गाव बोलतो, तिथे थांबलो.

कोणी बोललं नाही. तो महापौर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. संचालकांनी शांतपणे विचारलं, "हे किती दिवस चाललं आहे, कॉम्रेड कुर्ट?" कुर्टने माझ्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमून बघत होता. मग संचालकांकडे वळून त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली. ते मला कोणी भाषांतर करून सांगितलं नाही.

त्या रात्रीही आम्ही एकाच खोलीत निजलो. त्याने खिडकी उघडली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तुमच्या देवळात, असं बोलून झाल्यावर पुढे काय होतं?"

"खोबरं वाटतात," मी म्हटलं.

तो थोडा हसला. "चांगलं आहे," म्हणाला आणि कूस बदलली.

सोमवारी त्याची खाट रिकामी होती. देशाच्या पोटात, कोळशाच्या खाणींकडे त्याला पाठवलं, असं इल्झेबाईंकडून कळलं. समुद्र तिथून किती लांब, मी विचारलं. "फार लांब," त्या म्हणाल्या.

मी संचालकांकडे गेलो. म्हटलं, माझा हेतू तसा नव्हता, मी त्याच्यासाठी रदबदली करत होतो, आमच्याकडे अशी रीत आहे. संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते, हे कबूल करायला हवं. त्यांनी मला कॉफी दिली, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "विधवांना मासळी मिळायला हवीच, पण ती सर्वांच्या ठरावाने. एकाच्या मर्जीवर सोडलं तर उद्या दुसरा आपल्या भावाला देईल. तुम्ही त्याच्यावर उपकारच केलेत, कॉम्रेड. तो यातून वाढेल." मी कॉफी संपवली आणि उठलो. आणि पुढच्या शनिवारी? पुढच्या शनिवारी मी उठून सगळ्यांसमोर बोलू शकलो असतो. पाहुण्याला कोण काय करणार होतं? पण मी बसून राहिलो. उलट संचालकांनीच माझं नाव घेतलं. मित्राची चूक मोकळेपणाने मांडणाऱ्या भारतीय कॉम्रेडकडून आपण शिकावं, म्हणाले. टाळ्या पडल्या. छातीला एक लाल बिल्ला लावला, भित्तिपत्रकावर माझा फोटो लागला. त्यात मी हसतो आहे. शरम कशी वाटली नाही, देव जाणे. वाटली, पण हसलो.

बंदर

शेवटच्या आठवड्यात प्रत्यक्ष काम बघायला आम्हाला समुद्रकाठी नेलं. नशीब कसं बघा, नेलं ते कुर्टच्याच गावी. लाल विटांची घरं, धक्का, होड्या आणि खारा वारा. वाऱ्याचा वास अगदी आमच्या किनाऱ्याचा. दुसरी वेळ असती तर मी तिथे पोरासारखा नाचलो असतो.

होड्या लागल्या, मासळी उतरली, सरळ काट्यावर गेली. नवा प्रमुख तरुण होता, नीटनेटका, बोलायला गोड. धक्क्याच्या कडेला काळे रुमाल बांधलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या उभ्या होत्या. हातात रिकाम्या पिशव्या. कोणी त्यांना हाकललं नाही, कोणी काही दिलंही नाही. ठराव अजून व्हायचा होता, असं मला सांगण्यात आलं.

त्यातली एक माझ्यापाशी आली. माझा काळा रंग बघून, हा शाळेचा पाहुणा हे ओळखून आली असावी. माझ्या बाहीला हात लावला आणि काहीतरी विचारलं. इल्झेबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "त्या विचारताहेत, तुम्ही शाळेतून आलात तर कुर्ट तुम्हाला भेटला असेल. तो कधी येणार?"

छातीवर तो लाल बिल्ला होता. मी तो हाताने झाकला. म्हटलं, "मला माहीत नाही."

इल्झेबाई त्यावर बराच वेळ बोलल्या. माझ्या एवढ्याशा वाक्याचं एवढं लांब भाषांतर काय केलं, ते मी विचारलं नाही. म्हातारीने मान डोलावली आणि जाऊन पुन्हा आपल्या जागेवर उभी राहिली. आमची मोटार सुटेपर्यंत ती तिथेच होती.

देवबाग

घरी आलो तर आईने नवस बोललेला. झिल सुखरूप आला तर देवळात नारळ ठेवीन. मी कुरकुर केली, तिने ऐकून घेतली नाही. वर तो बिल्ला ट्रंकेतून काढून माझ्या सदऱ्याला लावला. "सरकारान दिलोहा, लोकांनी बघूक नको?" म्हणाली. काढतो म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणलं. तसाच गेलो.

देवळात पुष्कळ माणसं जमली होती. दाजी गावकारांनी नारळ हातात घेतला. सत्तरीचा माणूस, पण आवाज खणखणीत. या खेपेला मी खांबाला टेकून राहिलो नाही. पुढे जाऊन हळूच म्हटलं, "दाजीनू, एक नाव घालशात?"

"कोणाचा?"

"कुर्ट म्हणान. थयलो."

"घालया. त्येचा काय चुकला?"

"त्येचा काय चुकूक नाय."

दाजींनी नारळ खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. "मगे चुकला कोणाचा?"

आई माझ्याकडेच बघत होती. "माझा," मी म्हटलं.

काय चुकलं, हे दाजींनी विचारलं नाही. तसं विचारायची आमच्यात रीतच नाही. त्यांनी नारळ उचलला आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी हत. ह्या तुज्या लेकराच्या हातसून परमुलखात काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. आणि तो कोण कुर्ट आसा, त्येका आपल्या घराक, आपल्या दर्याक सुखरूप पावतो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव बोलला. ज्यांनी कुर्टला कधी पाहिलं नाही, पुढे कधी पाहणार नाहीत, ते सगळे बोलले, आणि जीव लावून बोलले. माझं तोंड उघडलंच नाही. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर आला. दाजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्याकडे वळले. त्यांच्यापुरतं, गावापुरतं सगळं मिटलं होतं. इतक्या सहज मला माफ करू नका, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण कोणाला सांगणार? लोक खोबरं चावत पावसापाण्याचं बोलायला लागले होते.

खाडीच्या कडेने घरी येताना आई म्हणाली, "कुर्ट कोण रे?"

"दोस्त. माज्या खोलयेत ऱ्हवायचो. तुजे दोनय बांगडे त्येनाच खाल्ल्यान."

आई हसली. किती दिवसांनी अशी हसली. "सुके खाल्ल्यान? मगे ताजे खाल्यार काय म्हणात! त्येका एकदा आपल्याकडे घेवन ये. मी बांगड्याचा तिखला करतंय."

देवळात जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो तिथे निघाला. मी म्हटलं, "व्हय."